चाळीस मिनिटं अंधार

"नाही सीमा, असं नाही करता येत," शोभना म्हणाली आणि हातातली भेंडी परत ढिगात टाकली.

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत शनिवारी सकाळी भाजीपाशी उभ्या असलेल्या निम्म्या बायकांना मराठी समजतं, आणि उरलेल्या निम्म्या समजत नसलं तरी ऐकतात. शोभनानं ट्रॉली वळवली आणि तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. फोनवर सीमा सबनीस होती. अठरा वर्षांपूर्वी दोघी इथेच, एका अपार्टमेंटच्या एकाच जिन्यावर राहायच्या. मग सीमाच्या नवऱ्याची नोकरी नॉर्थ कॅरोलायनात गेली, ती कॅरीला राहायला गेली आणि मैत्री दिवाळीच्या मेसेजवर आली. इतक्या वर्षांनी अचानक फोन येतो तेव्हा काहीतरी काम असतं. सीमानंही ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही.

तिची मुलगी अनया एअर फोर्समध्ये कॅप्टन होती, मालवाहू विमान चालवायची. दोन आठवड्यांपूर्वी शोभनाच्याच लॅबमध्ये डोळे तपासून गेली आणि अंधारातल्या टेस्टमध्ये नापास झाली. आता महिन्याभरात एअर फोर्सचं वैद्यकीय बोर्ड बसणार आणि तिनं विमानाला हात लावायचा की नाही हे ठरवणार.

"ताई, मी काही फेव्हर मागत नाहीये हो," सीमा म्हणाली. "पुन्हा एकदा टेस्ट घ्या, एवढंच. तुमच्याच हातात आहे ना ते? आपल्या घरातली मुलगी समजा."

एवढा स्वच्छ वशिला शोभनाला कोणी कधी लावला नव्हता. बावीस वर्षांत तसा प्रसंगच आला नव्हता, कारण मराठी मंडळातली मुलं डॉक्टर होतात, इंजिनियर होतात, फार तर वकील होतात. विमानं चालवून आईबापांना घोर लावत नाहीत. तिनं सीमाला सांगितलं की पेशंटचं काहीही पेशंटच्या आईशीसुद्धा बोलायचं नसतं, तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी ती बोलली नसती. सीमानं "बरं" म्हणून फोन ठेवला. तो 'बरं' शोभनाला दिवसभर कानशिलात टोचत राहिला.

शोभना खानोलकर बासष्ट वर्षांची होती. ती डॉक्टर नव्हती, आणि मंडळाच्या कार्यक्रमात या गोष्टीची तिला कोणी ना कोणी हळूच आठवण करून देत असे. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला शिकली, खेड्यापाड्यांतल्या कॅम्पांत दिवसाला दोनशे म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू टॉर्चनं शोधले, मग लग्न होऊन इकडे आली आणि पुन्हा पहिलीपासून परीक्षा देऊन टेक्निशियन झाली. अर्विंगहून पश्चिमेला पन्नास मिनिटं ड्राइव्ह केलं की एअर फोर्सचा तळ लागतो, आणि त्याच्या फाटकाबाहेर एका बसक्या इमारतीत ती काम करायची ती लॅब. वैमानिकांचे डोळे तपासणं हे तिथलं एक काम. नवी हेल्मेट, डोळ्यांवरच्या लेझरच्या शस्त्रक्रिया, रात्रीच्या चष्म्यांच्या काचा यांनी नजरेचं काय होतं याचं संशोधन हे दुसरं. लॅबचे प्रमुख होते डॉक्टर नरेंद्र बापट. बावीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत त्यांनी शोभनाला विचारलं होतं, "नोकरी करणार का?" त्या वेळी अवधूतची, म्हणजे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. हा उपकार दोघंही कधी बोलून दाखवत नसत आणि कधी विसरतही नसत. लॅबमध्ये ती त्यांना 'डॉक्टर' म्हणायची, घरी 'भाऊजी'. तेही तिला लॅबमध्ये 'शोभना' म्हणायचे आणि घरी 'वहिनी'.

लॅबमधली अंधाराची खोली शोभनाची. भिंती काळ्या, दारं दोन, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरणाऱ्या माणसाला स्वतःची खुर्ची सापडत नाही, तसंच ते. म्हणून वैमानिकाला आधी चाळीस मिनिटं काळोखात बसवायचं. मग समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात, आधी ठळक, नंतर पुसट, शेवटी तर आहेत की नाहीत अशी. पन्नास अक्षरं. तीस ओळखली की पास.

त्या चाळीस मिनिटांत माणसं बोलायची. डॉक्टरांसमोर वैमानिक तोंड उघडत नाहीत. आपलं काही दुखतं हे कळलं तर विमान जाईल ही त्यांना धास्ती असते. पण काळोखात, न दिसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपाशी ते घटस्फोटापासून कुत्र्याच्या आजारापर्यंत सगळं बोलायचे. शोभना ऐकायची, आणि कोणाचंही बाहेर नेत नसे.

शनिवारी दुपारी तांदूळ डब्यात ओतताना तिच्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. सीमाचा राग आला होता, तो आता स्वतःकडे वळला.

जुलैमध्ये वेळापत्रक बदललं होतं. लॅब चालवणाऱ्या कंपनीला दिवसाला चारऐवजी सहा वैमानिक तपासून हवे होते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणारी लूपे दुपारी बाराला घरी जायची, म्हणून फोटो सकाळी आधी आणि अंधाराची टेस्ट नंतर, असं ठरलं. वर काळोखातली चाळीस मिनिटं कमी करून पंधरा केली. फोटोला फ्लॅश लागतो. डोळ्यांत एवढा झगझगीत उजेड मारायचा आणि पंधरा मिनिटांनी म्हणायचं, वाचा आता काळोखात. शोभनानं तेव्हाच डॉक्टरांना विचारलं होतं की फोटोनंतर पंधरा मिनिटं पुरतील का. ते म्हणाले होते, "आय हॅव लुक्ड इन्टू इट." तिनं मूग गिळले. फॉर्मवर एक चौकोन असायचा, 'अंधाराची पूर्ण सवय झाली'. त्यात ती रोज बरोबरची खूण करत राहिली आणि खाली सही करत राहिली.

एरवी वर्षाला तीन-चार वैमानिक त्या टेस्टमध्ये नापास व्हायचे. बदल झाल्यापासून तीन आठवड्यांत पाच झाले होते. हा आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. सीमाच्या फोनमुळे तो पाहावा लागला, याची तिला लाज वाटली.

सोमवारी ती साडेसहाला लॅबमध्ये पोचली. लूपे कॉफी घेऊन येताच शोभना तिच्या मशीनसमोर हनुवटी टेकवून बसली आणि म्हणाली, माझे काढ. मग काळोखात गेली, पंधरा मिनिटं मोजली आणि स्वतःच पडदा लावला. अकरा अक्षरं. तिथेच बसून राहिली. चाळीस मिनिटं झाल्यावर दुसरी अक्षरं लावली. एकोणीस. तिचे डोळे बासष्ट वर्षांचे होते, पास होण्याचा प्रश्नच नव्हता. पण डोळे तेच होते आणि खुर्ची तीच होती. मधली आठ अक्षरं फ्लॅशनं खाल्ली होती. कॅम्पात असताना नवं औषध आलं की तिथले मोठे डॉक्टर आधी स्वतःच्या डोळ्यांत थेंब टाकून बघायचे. ती सवय तिला तिथूनच लागली होती.

ती डॉक्टर बापटांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून सगळं सांगितलं.

बापट वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रिपोर्ट तळावर गेलेले आहेत, ते म्हणाले. एकदा चूक कबूल केली की जुलैपासूनचं सगळं काम संशयात येईल. ऑक्टोबरमध्ये कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, ते गेलं तर अकरा माणसं घरी बसतील. आणि एका टेक्निशियननं एका सकाळी स्वतःवर करून बघितलेला प्रयोग म्हणजे काही पुरावा नव्हे. यात चुकीचं असं काही नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच लॅबमध्ये तिला वेगळ्या नावानं हाक मारली.

"वहिनी, सीमाचा फोन मलाही आला होता. मला कळतंय. अनयाची एकटीची आपण परत घेऊ. पहिल्या दिवशी तिला बरं नव्हतं असं लिहू. दॅट्स ऑल. बाकीचं आहे तसं राहू दे."

शोभनाला क्षणभर ते पटलं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं, सीमा आयुष्यभर नाव काढणार होती, आणि भाऊजी भाऊजी राहणार होते. हे पटलं म्हणूनच ती भडकली.

"आणि बाकीचे चौघं?" ती म्हणाली. "त्यांच्या आयांना मराठी येत नाही, म्हणून?"

"इमोशनल होऊ नका. त्या फॉर्म्सवर सही तुमची आहे. माझी नाहीये."

"माझीच आहे," शोभना म्हणाली. "म्हणून तर आले."

त्या संध्याकाळी तिनं तळावरच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला, एका कर्नलला पत्र लिहिलं. एक पान. जुलैपासून काय बदललं ते लिहिलं. पाच फॉर्म्सवर मी चुकीच्या खुणा केल्या आणि सह्या केल्या, मला शंका होती तरी केल्या, असं लिहिलं. स्वतःच्या डोळ्यांचे आकडे दिले. शेवटी हेही लिहिलं की या पाचांपैकी एकीची आई माझ्या ओळखीची आहे, तिनं मला फोन केला होता, तेव्हा टेस्ट परत घेतल्या तर बाहेर कोणीतरी घड्याळ घेऊन उभं राहावं आणि माझ्यावरही नजर ठेवावी. पत्र अवधूतला वाचायला दिलं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. "नरेंद्र बघतोय ना. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत तुझी."

"स्पेलिंग बघ," शोभना म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नकोस."

अवधूतनं दोन स्पेलिंगं सुधारली आणि मुकाट्यानं कागद परत दिला. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर कुठं थांबायचं एवढं माणसाला कळतं. चहा मात्र त्यानंच केला.

पुढचे आठ दिवस लॅबमध्ये तिच्याशी फक्त लूपे बोलत होती. कंपनीच्या ऑफिसातून एक बाई आली, गोड हसली, आणि म्हणाली की ऑक्टोबरपासून अंधाराच्या टेस्टसाठी डोळ्यांवर बांधायचं नवं यंत्र येणार आहे, तेव्हा शोभनाची गरज राहणार नाही. शोभनानं विचारलं, यंत्राला किती मिनिटं देणार? बाईला ते माहीत नव्हतं. विचारून ठेवा, शोभना म्हणाली. शुक्रवारी कांचनचा, म्हणजे बापटांच्या बायकोचा मेसेज आला की या वर्षी गणपतीच्या मोदकांचं दुसऱ्या कुणाकडे दिलंय, तू दगदग करू नकोस. नोकरीपेक्षा हे शोभनाला जास्त लागलं. दहा वर्षं मोदक तिच्याकडे होते.

कर्नलचं उत्तर नवव्या दिवशी आलं. पाचही जणांना परत बोलवायचं. काळोखात पूर्ण चाळीस मिनिटं, आणि आधी फोटो काढायचे नाहीत. पहिल्या दाराबाहेर ते स्वतः घड्याळ घेऊन बसणार होते. बापटांनी ती मेल वाचली, सगळ्यांना पाठवली आणि केबिनचं दार लावून घेतलं.

पहिले दोघं बुधवारी आले. एक ओक्लाहोमाचा चाळिशीतला हेलिकॉप्टरवाला, त्यानं अडतीस अक्षरं ओळखली. दुसऱ्यानं चौतीस. गुरुवारी आणखी दोघं, तेहेतीस आणि एक्केचाळीस. एक्केचाळीसवाला बाहेर आला आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून खालीच बसला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं बायकोला घर विकायला काढ म्हणून सांगितलं होतं. शोभनानं त्याला पाणी दिलं. तिच्या एका बरोबरच्या खुणेनं हे झालं होतं. लूपे तिला म्हणाली की तू जिंकलीस. शोभनाला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं, पण पाठ ताठ झाली होती हे खरं. बापट समोरून आले तेव्हा तिनं रस्ता सोडला नाही.

अनया शुक्रवारी दुपारी आली. गणवेशातली उंच मुलगी, केस घट्ट बांधलेले. जिन्यात सायकल आडवी टाकून ओरडा खाणारी दहा वर्षांची पोर शोभनाला त्या चेहऱ्यात शोधावी लागली. पहिल्या वेळी काळोखात नुसता आवाज ऐकून अनयानंच ओळखलं होतं, "तुम्ही शोभनामावशी ना?" या वेळी ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. दारं बंद झाली. बाहेर कर्नलनं घड्याळ लावलं.

"आईनं फोन केला होता ना तुम्हाला?" पाचेक मिनिटांनी अनया म्हणाली. "आय ॲम सो सॉरी, मावशी. मला माहीत नव्हतं."

शोभनानं सांगितलं की त्या फोनमुळे अनया आज इथे बसलेली नाही. मग विषय बदलावा म्हणून कामाचं विचारलं, आणि अनया बोलू लागली. रात्री दिवे नसलेल्या धावपट्टीवर उतरणं हे तिच्या पथकाचं खास काम होतं. कुठेतरी पूर येतो, भूकंप होतो, वीज नसते, तिथे यांची विमानं आधी पोचतात. औषधं घेऊन जायची, माणसं घेऊन परत यायचं. एकदा तिच्या विमानात, हवेत असताना, एक बाळ जन्माला आलं होतं. हे सांगताना ती हसली. शोभनाही हसली आणि तिच्या मनात आलं की ही पास व्हायला हवी. मनात आलं ते तिनं तिथल्या तिथे दाबलं, पण आलं होतं.

चाळीस मिनिटं झाली. शोभनानं पडदा लावला.

पहिली वीस अक्षरं अनयानं धडाधड वाचली. बाविसाव्यापाशी अडखळली. मग एकेक, थांबून. सव्वीस. सत्तावीस. पुढचं अक्षर उमटलं. शोभना थांबली, नियमात बसेल तेवढा सगळा वेळ थांबली.

"मला काही दिसत नाहीये," अनया म्हणाली.

शोभनानं दुसरी अक्षरं लावली. दोनदा घ्यायची आणि जास्त असेल तो आकडा धरायचा, असा नियम होता. दुसऱ्या वेळी सव्वीस झाली.

"किती?"

आकडा टेक्निशियननं सांगायचा नसतो, तो डॉक्टर सांगतात. बावीस वर्षं शोभनानं तो कोणाला सांगितला नव्हता. आज ज्या खोलीत ती एवढं भांडून आली होती, तिथे या पोरीला दाराबाहेरच्या परक्या माणसाकडून ते ऐकायला लावणं तिला जमलं नाही.

"सत्तावीस," ती म्हणाली. "तीस लागतात."

"लाइट नका लावू. टू मिनिट्स."

शोभनानं बटणावरचा हात काढून घेतला. तिला रडू आलं होतं आणि काळोख आहे याचं बरं वाटलं. तिनं खोटी टेस्ट हाणून पाडली होती, आणि खऱ्या टेस्टनंही तेच सांगितलं होतं. मग एवढं कशासाठी केलं, असं एक मन विचारत होतं, आणि तिला त्याचा संताप येत होता.

"लास्ट विंटरमध्ये," अनया म्हणाली, "को-पायलट म्हणायचा, लँडिंग स्ट्रिप दिसतेय. आणि मला नाही दिसायची. एक-दोन सेकंद उशिरा दिसायची. मला वाटलं हेल्मेटच्या काचेत प्रॉब्लेम आहे. मी दोनदा काच चेंज करून घेतली."

"कोणाला सांगितलंस?"

"नो वन. आम्ही नाही सांगत, मावशी. नंतर तुमची ती पहिली टेस्ट झाली. सगळे म्हणायला लागले, टेस्ट चुकीची आहे. मीपण म्हणाले. म्हणताना मला कळत होतं की मी खोटं बोलतेय."

शोभनानं काळोखात हात पुढे केला. अनयाचा खांदा कुठे आहे ते तिला नीट समजलं नाही, हात कोपरावर पडला. तो तिनं तिथेच ठेवला. दिवा अनयानंच लावायला सांगितला.

बाहेर शोभनानं फॉर्म भरला. 'अंधाराची पूर्ण सवय झाली' या चौकोनात खूण केली, आकडा लिहिला, सही केली. जुलैपासून पहिल्यांदाच ती खूण पाचही जणांची खरी होती. कर्नलनं अनयाला आत नेलं आणि बराच वेळ बोलले. हे नक्की काय आहे, वाढणारं आहे की थांबवता येईल, हे मोठ्या हॉस्पिटलमध्ये बघावं लागणार होतं. लवकर कळलं ते चांगलं झालं, असंही ते म्हणाले. उडणं मात्र त्याच दिवसापासून थांबलं.

कॉरिडॉरमध्ये बापट उभे होते. त्यांना निकाल कळला होता.

"काय मिळवलंत, वहिनी?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "तिला तर नाही वाचवता आलं. आता सीमाला काय सांगणार?"

"सीमाला काही सांगायचा मला अधिकारच नाही," शोभना म्हणाली. "आणि वाचवायला नव्हते निघाले मी, डॉक्टर. मोजायला बसवलंय मला, तर नीट मोजणार. ऑक्टोबरपर्यंत प्रत्येकाला चाळीस मिनिटं देणार आहे. तुम्हाला सहा वैमानिक हवे असतील तर मी सकाळी सहाला येईन."

बापट बाजूला झाले आणि ती पार्किंगकडे गेली. अनया तिथे भाड्याच्या गाडीला टेकून उभी होती, किल्ली हातात धरून. तिचं हॉटेल तळाजवळच होतं. आता फॉर्म गेला होता, टेस्टपुरते नियम संपले होते. शोभनानं तिला विचारलं नाही, माझ्या गाडीमागून ये म्हणून सांगितलं.

ऑगस्टमधला टेक्सासचा दिवस, साडेसात वाजले तरी ऊन स्वयंपाकघरात आलेलं होतं. अवधूतनं पिठलं-भात केला होता. त्यानं निम्मं आयुष्य पंपांच्या कारखान्यात काढलेलं, त्यामुळे पोरीला चेहरा धुवायला वेळ मिळतो न मिळतो तोच तो विमानाच्या इंजिनांबद्दल विचारू लागला. शोभनानं टेबलाखालून त्याच्या पायाला धक्का दिला. पण अनया नीट उत्तरं देत होती, चार इंजिनं कशी चालतात, एक बंद पडलं तर काय करायचं. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला.

शोभनाचा फोन वाजला. संध्याकाळपासूनचा हा सीमाचा चौथा फोन.

"उचलू नकोस," अवधूत म्हणाला. "उद्या बोल."

शोभनानं उचलला. सीमानं एका दमात विचारलं की झाली का टेस्ट, काय झालं, अनया फोन घेत नाहीये.

"सीमा, ते मी सांगू शकत नाही," शोभना म्हणाली.

"म्हणजे नाही झालं," सीमा म्हणाली. "तुम्हीच घेतलीत ना? तुमच्या हातानं?"

"मीच घेतली."

अनयानं ताट बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला. शोभनानं फोन दिला.

"आई, मी इथे मावशीकडे आहे. जेवतेय. ऐक ना." मग ती ऐकत राहिली. पलीकडचे शब्द कळत नव्हते, पण आवाज चढत होता, मध्येच फुटत होता. "नो, आई. आधीची चुकीची होती. ही बरोबर आहे. मला माहितीये, कारण मला दिसत नाही. आय न्यू इट." ती थांबली. "आई, माझ्या मागे सात माणसं बसलेली असतात. त्यांना वाटतं मला दिसतंय."

अवधूत उठून नळापाशी गेला आणि नळ न सोडताच उभा राहिला. अनयानं फोन कानापासून काढला.

"आईला तुमच्याशी बोलायचंय."

अवधूतनं वळून शोभनाकडे पाहिलं आणि मान हलवली, नको. शोभनानं हात पुसले, खुर्चीत सरळ बसली आणि फोन घेतला.

"बोल सीमा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."